एका रकान्याची वही

वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून, थोडक्यात :

मी ५४ वर्षांचा आहे. गेली चार वर्षं आम्ही नवरा-बायको वर्षातून पाच-सहा वेळा एका कॅसिनो हॉटेलात दोन-तीन दिवस जातो. मी फक्त स्लॉट मशीन खेळतो, तेही एका स्पिनला १० लावून. त्याच्या वर कधी जात नाही. दिवसाला पाचेक तास होतात. माझे साडू बरोबर असतात. ते बॅकरा या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर बसतात, एका हाताला ५०० लावतात आणि दोन तासांत उठतात. गंमत अशी की खोली फुकट मिळते ती मला, जेवणाची कुपनं मला, वाढदिवसाचा केकही मलाच. साडूंना फार तर एका जेवणाचं कुपन. मी काहीतरी ट्रिक लपवतोय असं त्यांना वाटतं. फुकट मिळालेली प्रत्येक गोष्ट मी एका वहीत किमतीसह लिहून ठेवतो आणि बेरीज आता बरीच मोठी झाली आहे. नुकताच तिथल्या होस्टचा, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांची बडदास्त ठेवणाऱ्या माणसाचा, फोन आला. ३१ डिसेंबरच्या आत आणखी ६,००० पॉइंट झाले तर वरच्या दर्जाचं कार्ड मिळेल, नाहीतर नव्या वर्षात मोजणी पुन्हा शून्यापासून. १० खेळले की एक पॉइंट पडतो. एक फेरी मारून यावं म्हणतो. शिवाय पुढच्या वर्षी जास्तीत जास्त फायदे पदरात पाडून घ्यायचे तर काय करावं? (बायकोचा या फेरीला विरोध आहे. ती म्हणते, या फुकटच्या खोलीसाठी आपण किती पैसे भरले ते एकदा सांगा. त्यावरून आमचं थोडं वाजलं.)

उत्तर :

आधी साडूंचं कोडं सोडवू या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

तुम्ही काहीही लपवत नाही आहात. तुम्हाला जास्त मिळतं, कारण कॅसिनोच्या हिशेबात तुम्ही साडूंपेक्षा मोठे गिऱ्हाईक आहात. ५०० ची चिप सरकवणारा लहान आणि १० चं बटण दाबणारा मोठा, हे ऐकायला उलटं वाटेल. पण आकडे मांडून बघा. चलन कुठलंही धरा, गणित तेच राहतं.

कोणाला काय द्यायचं हे ठरवताना कॅसिनो तुम्ही त्या दिवशी किती हरलात याकडे फारसं बघत नाही. तुम्ही सरासरीने किती हरायला हवं होतं, हे बघतो. त्या धंद्यात या आकड्याला ‘थिओ’ म्हणतात. थिऑरेटिकल लॉस हे त्याचं पाळण्यातलं नाव. चार गोष्टींचा गुणाकार केला की थिओ निघतो : सरासरी पैज, तासाला किती डाव होतात, किती तास खेळलात, आणि हाउस एज, म्हणजे लावलेल्या पैशातला किती टक्के वाटा सरासरीने कॅसिनोकडे राहतो.

साडूंपासून सुरुवात करू. बॅकराला तासाला साधारण ७० हात होतात. दोन तासांचे १४०, प्रत्येकी ५००, म्हणजे ७०,००० खेळले गेले. ते ‘बँकर’वर, म्हणजे त्या खेळातल्या दोन बाजूंपैकी एकीवर, लावत असतील तर हाउस एज १.०६ टक्के. थिओ झाला ७४२.

आता तुम्ही. सहा सेकंदांना एक स्पिन धरा, हा वेग काही फार नाही. तासाला ६००, पाच तासांत ३,००० स्पिन. प्रत्येकी १० प्रमाणे ३०,००० खेळले गेले. मशीनचा वाटा किती, हे मशीनवर लिहिलेलं नसतं. आपण ८ टक्के धरू, आणि हे काही मुद्दाम वाईट मशीन धरलेलं नाही. अमेरिकेत नेवाडा राज्याचा नियम मशीनने किमान ७५ टक्के परत करावेत एवढाच आहे आणि न्यू जर्सीचा ८३ टक्क्यांचा. तर ३०,००० चे ८ टक्के, म्हणजे २,४००.

एका दिवसाचे साडूंचे ७४२, तुमचे २,४००. आता सांगा, केक कोणाला पाठवायचा?

तुम्ही म्हणाल, ३०,००० कुठले, मी तर खिशात तीन हजार घेऊन बसतो. बरोबर आहे. पण तेच तीन हजार दिवसभर फिरत असतात. थोडे जातात, थोडे येतात, आलेले पुन्हा आत जातात, आणि प्रत्येक फेरीत मशीन आपला वाटा कापून घेतं. दळणाला गेलेल्या धान्यातलं मूठभर पीठ जात्यातच राहावं, तसं. एकदा दळलं तर कळतही नाही. तुम्ही एकच धान्य दहा वेळा दळता.

या थिओतला काही हिस्सा कॅसिनो खोली, जेवण, कुपन, तिकिटं या रूपाने परत करतो. पाचवा हिस्सा, चौथा, कुठे त्याहून जास्त. चौथा धरला तर तुमच्या वाट्याला दिवसाचे ६०० येतात आणि साडूंच्या वाट्याला १८५. साडूंना एकाच जेवणाचं कुपन का मिळतं, हे यात आलं.

म्हणजे तुम्हाला जे मिळतं ते बक्षीस म्हणता येणार नाही. ती सूट आहे, आणि तीही आधी किंमत लावून मग दिलेली. आवळा देऊन कोहळा काढणं ही म्हण आपण फसवणुकीसाठी वापरतो. इथे फसवणूक काहीच नाही, नियम उघड आहेत. फक्त आवळ्याचं वजन तुम्ही चार वर्षं वहीत टिपताय आणि कोहळ्याचं कोणीच टिपत नाही.

त्या वहीबद्दल आणखी एक. खोलीची किंमत तुम्ही कुठली लिहिता? माझा अंदाज, हॉटेलच्या दरपत्रकातली. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी जी खोली एरवी रिकामीच राहिली असती, ती तुम्हाला देण्यात हॉटेलला चादरी धुण्याचा, वीज-पाण्याचा आणि साफसफाईचा खर्च येतो. तुमच्या वहीत ती पूर्ण दराने चढते, त्यांच्या वहीत किरकोळीत. दोघंही खूश असतात ते यामुळेच. आणि दुसरा प्रश्न त्याहून साधा आहे. फुकट नसती तर ती खोली तुम्ही त्या दराने घेतली असतीत का? नसतीत, तर वहीतला तो आकडा वाचवलेल्या पैशांचा म्हणता येत नाही.

हे सगळं इतकं काटेकोर पूर्वी नव्हतं. एके काळी टेबलांवर देखरेख करणारा पिट बॉस मोठ्या खेळणाऱ्याकडे बघून आपल्या मर्जीने जेवण लिहून द्यायचा, खोली द्यायचा. स्लॉटवाल्यांना तर कोणी विचारत नसे. टेबलावरच्या नवऱ्याची वाट बघत चिल्लर उडवणारी माणसं, अशी त्यांची ख्याती. १९८० च्या दशकात अटलांटिक सिटीत स्लॉट क्लब निघाले आणि मशीनला खेळ मोजणारं कार्ड लागलं. तेव्हा कॅसिनोवाल्यांच्या लक्षात आलं की ही चिल्लर भलतीच जड आहे. पुढे १९९८ मध्ये हार्व्हर्डमध्ये शिकवणारे गॅरी लव्हमन हे प्राध्यापक हॅराज या कॅसिनो कंपनीत गेले. झुंबरं आणि कारंजी वाढवण्यापेक्षा, कोण किती वेळा येतं आणि किती खेळतं या माहितीवर त्यांनी भर दिला. तुमच्यासारखी नेमाने येणारी, लहान पैजेची, मध्यमवयीन माणसं हाच खरा कणा, हे त्या माहितीतून पुढे आलं. हीच कंपनी नंतर सीझर्स झाली. तिचा मुख्य भाग २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा तिच्या रिवॉर्ड्स कार्यक्रमाची किंमत धनकोंच्या बाजूने शंभर कोटी डॉलर लावली गेली. लास व्हेगासमधल्या तिच्या एकेका हॉटेलपेक्षा जास्त! इमारतींपेक्षा माणसांच्या सवयींची यादी महाग ठरली. मशीनमध्ये घातलेलं कार्ड शर्टाला अडकवायला जी गुंडाळीची दोरी असते, तिचं एक टोक तुमच्याकडे असतं आणि दुसरं मशीनमध्ये. मोजणी दुसऱ्या टोकाला चालू असते.

आता डिसेंबरची फेरी.

एका पॉइंटला १० खेळायचे, तर ६,००० पॉइंटना ६०,०००. तुमच्या पैजेने ते ६,००० स्पिन होतात, म्हणजे दहा तास बटण दाबणं. सरासरीने त्याची किंमत पडते ४,८००. नशीब जोरावर असेल तर तुम्ही जिंकूनही परताल आणि नसेल तर याच्या दुप्पट जातील. सरासरी म्हणजे काही एका फेरीचं भाकीत नव्हे. पण निर्णय घेताना हातात धरायला हाच एक आकडा आहे. आता होस्टला विचारा की वरच्या कार्डावर नेमकं काय मिळतं. वेगळी रांग, जवळची पार्किंग, वर्षातून एक मोठं जेवण, पॉइंट थोडे झरझर, असं काहीतरी सांगेल. हीच यादी कोणी दुकानात ४,८०० ला विकायला ठेवली असती, तर तुम्ही खिशात हात घातला असता का?

मला वाटतं, नसता घातला. तरी पाय तिकडे ओढतात, आणि त्यात तुमचा काही विशेष दोष नाही. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए द्रेझ या दोन संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी ३०० गिऱ्हाइकांना शिक्क्यांची कार्डं वाटली होती. निम्म्यांच्या कार्डावर आठ शिक्के भरायचे होते. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण दोन आधीच मारलेले. काम दोघांनाही आठच धुलायांचं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांनी. ‘आपली सुरुवात आधीच झालीय’ एवढ्या भावनेने हा फरक पडला. तुमच्या कार्डावर तर वर्षभराचे शिक्के आहेत आणि समोर ३१ डिसेंबरची भिंत. शेवटचे ६,००० जवळचे वाटणारच. पण जे पॉइंट झाले त्यांचे पैसे केव्हाच गेले. न गेल्याने ते वाया जातील आणि गेल्याने परत येतील, असं काही नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर पॉइंटसाठी ही फेरी मारू नका. डिसेंबरात दोघांनाही तिथे जायची हौस असेल, कार्डाचा विषय निघाला नसता तरी गेला असतात, तर जरूर जा. पण मग पॉइंट मोजू नका.

होस्टबद्दल तुम्ही फार आपुलकीने लिहिलं आहे. तो चांगला माणूस असेलही, वाढदिवस लक्षात ठेवतो म्हणजे कामात नेटका नक्कीच आहे. मात्र त्याच्या नावावर जे खेळणारे असतात, त्यांच्या थिओवर होस्टची कामगिरी मोजण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तुम्हाला फोन करणं हे त्याचं काम, आणि नाही म्हणणं हा तुमचा हक्क. तुम्ही गेला नाहीत तर तो दुखावला जाईल ही भीती मनातून काढा. ‘यंदा जमणार नाही, पुढे कधी आलो तर सांगेन’ एवढं पुरे. कारणं देत बसू नका. प्रत्येक कारणावर त्याच्याकडे एक ऑफर असेल.

पुढच्या वर्षी जास्तीत जास्त फायदे कसे घ्यावेत, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी तो जरा फिरवून घेते : जेवढं तुम्ही एरवीही खेळणारच आहात, तेवढ्यावर जे हक्काचं आहे ते सोडू नये, यासाठी काय करावं? हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

मशीनवर कार्ड घातलं की प्रत्येक स्पिन आपोआप मोजला जातो. टेबलावर तसं नसतं. तिथे सुपरवायझर नजरेने अंदाज घेतो आणि सरासरी पैज लिहितो. साडू अर्धा वेळ कार्ड न देताच बसत असतील तर तो वेळ हिशेबात येतच नाही. बसतानाच, पहिली चिप ठेवायच्या आधी कार्ड द्यावं आणि उठताना ‘माझं रेटिंग काय लागलं’ असं सरळ विचारावं. विचारण्यात काही कमीपणा नाही. खोलीच्या बिलावर खर्च टाकला असेल तर निघताना ‘यातलं काही कॉम्प होईल का’, म्हणजे कॅसिनो माफ करेल का, हेही विचारता येतं. न मागता फार थोडं मिळतं.

पॉइंट दोन जातींचे असतात आणि लोक तिथेच गफलत करतात. एक, खर्च करता येणारे. त्यांची मुदत बघून ते वापरून टाकावेत, साठवू नयेत. दुसरे फक्त दर्जा ठरवणारे. ते बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीला शून्य होतात आणि त्यांचं काही विकत घेता येत नाही. होस्ट ज्या ६,००० बद्दल बोलतोय ते या दुसऱ्या जातीचे. सगळ्या खेळांवर पॉइंट सारख्या दराने पडतात असंही नाही. व्हिडिओ पोकरसारख्या, कॅसिनोचा वाटा कमी असलेल्या खेळावर एका पॉइंटसाठी बऱ्याच ठिकाणी स्लॉटच्या दुप्पट खेळावं लागतं. जिथे पॉइंट भराभर पडताना दिसतात तिथे कापणीही तशीच भराभर चालू असते, एवढं ओळखायला हे पुरेल.

फुकट मिळणाऱ्या सगळ्या गोष्टींमध्ये मला त्यातल्या त्यात सरळ वाटतो तो फ्री प्ले. मशीनमध्ये घालायला दिलेलं क्रेडिट, जे तसंच रोखीत घेता येत नाही, एकदा फिरवावं लागतं. ते एकदा फिरवायचं, जे हाती येईल ते घ्यायचं आणि उठायचं. कठीण आहे ते शेवटचं क्रियापद. आणि असं नेहमी केलंत तर तुमच्या नावावरची दिवसाची सरासरी घसरेल आणि ऑफर आटतील, कारण बऱ्याच ठिकाणी पुढच्या ऑफर दिवसाच्या सरासरी थिओवर ठरतात. निघण्याच्या दिवशी सकाळी दहा मिनिटं कार्ड घालून बसणं याच कारणाने अंगाशी येतं : तो अख्खा एक दिवस धरला जातो आणि सरासरी खाली येते. हे तुम्ही वापरा असं म्हणून सांगत नाही. ऑफर वाढल्या की आपण कोणाला आवडायला लागलो असं वाटतं, कमी झाल्या की रुसवा वाटतो, आणि दोन्ही वेळा मागे असतो तो एक भागाकार.

बरं, कॅसिनोच्या सवलतींवर मात करणारं कोणीच झालं नाही का? झालं आहे. डॉन जॉन्सन नावाच्या खेळाडूने २०११ च्या सुमारास अटलांटिक सिटीत तीन कॅसिनोंकडून ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळावर काही महिन्यांत सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. बसण्याआधी त्याने अटी ठरवून घेतल्या होत्या. मोठ्या तोट्यातले २० टक्के परत, आणि टेबलाचे नियमही सोयीचे. मंदीने गांजलेल्या कॅसिनोंनी त्या मान्य केल्या. तो एका हाताला एक लाख डॉलरपर्यंत लावत होता. तुम्ही-आम्ही त्या वाटेला जाणाऱ्यांतले नाही. मी तर घरच्या रमीतही हरते.

आता त्या कंसातल्या वाक्याबद्दल.

तुमच्या पत्रात सर्वांत नेमका प्रश्न वहिनींनी विचारला आहे आणि तो तुम्ही शेवटी, कंसात टाकला आहे. त्या ‘तुम्ही जुगारी आहात’ असं म्हणत नाहीत, ‘जाऊ नका’ इतकंच म्हणून थांबतही नाहीत. त्या एक आकडा मागताहेत. राग आला, कारण तो आकडा तुमच्याकडे नाही. मला तसं वाटतं, चूक असेल तर सांगा. चार वर्षं दोन-तीन दिवस बायकोबरोबर जायचं, थोडं खेळायचं, चांगलं जेवायचं, यावर माणसाने खर्च केला तर त्यात गैर काही नाही. लोक ट्रेकिंगवर करतात, नाटकांवर करतात. फक्त तो खर्च आहे असं एकदा म्हणून टाका. ‘आपलं तर सगळं फुकटच होतं’ हे म्हणणं सोडलंत तर निम्मं भांडण संपेल.

एक गोष्ट मात्र स्वतःला खरीखरी विचारा, मला कळवायची गरज नाही. गेलेले भरून काढायला कधी ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसता का? किती हरलो हे घरी सांगताना आकडा कमी करता का? उसने घेतले आहेत का, किंवा घरच्या दुसऱ्या कामाचे पैसे तिकडे वळवले आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पॉइंटची चर्चा बाजूला ठेवा. बहुतेक कॅसिनोंमध्ये स्वतःला बंदी घालून घेण्याची सोय असते, त्याला सेल्फ एक्स्क्लूजन म्हणतात. अर्ज भरला की ठरावीक काळ प्रवेश बंद होतो आणि ऑफरही थांबायला हव्यात. सिंगापूरसारख्या ठिकाणी तर घरचे लोकही तसा अर्ज करू शकतात. त्याच्या जोडीला समुपदेशकाची मदत घ्या. ‘नाही’ असेल, तरी ऑफरचे संदेश आणि फोन बंद करायला सांगून बघा. सहा महिने कोणी बोलावलं नाही तर तुम्हाला स्वतःहून किती वेळा जावंसं वाटतं, हे समजेल.

या आठवड्यात एवढंच करा. कार्डावर खेळणाऱ्यांना वर्षाचं विन-लॉस स्टेटमेंट देण्याची पद्धत पुष्कळ कॅसिनोंमध्ये आहे. मागितलं की मिळतं. चारही वर्षांचं मागवा. ते हातात आलं की वही काढा, पट्टी घ्या आणि प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. उजवीकडचा रकाना वहिनींनी आकडे वाचायचे आणि तुम्ही लिहायचे, असा भरा. प्रवासाचे पैसे आणि कार्ड न घालता खेळलेले पैसे स्टेटमेंटमध्ये नसतात, ते आठवून घाला. आणि साडूंनी पुन्हा ट्रिक विचारली, तर वही त्यांच्या हातात द्या, दोन्ही रकान्यांसकट.